इंजिन नवं, खोडी जुन्याच : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी इंग्लंडमधल्या रेप्लिका वाफेच्या इंजिनांवर, म्हणजे जुनं भंगारात गेल्यावर त्याच नमुन्यावर नव्यानं बांधलेल्या इंजिनांवर दोन पानं लिहिली होती. एवढे मेल आले की संपादक म्हणाले आता तुम्हीच निस्तरा, म्हणून यावेळी फक्त उत्तरं. ज्यांनी ते वाचलं नाही त्यांच्यासाठी, मी १९७९ साली कुर्डुवाडीला नॅरोगेज शेडमध्ये शिकाऊ म्हणून लागलो, मग डिझेलवर गेलो, रिटायर झालो, आता लेकीकडं इंग्लंडात असतो आणि शनिवार-रविवार इथल्या एका छोट्या हेरिटेज लाइनवर असल्याच एका रेप्लिका इंजिनावर फुकट राबतो.

प्रश्न : रेप्लिका म्हणजे वरून वाफेचं आणि आतून डिझेल असं जत्रेतल्या गाडीसारखं काही असतं का? खऱ्याची मजा त्यात कशी येणार? (डोंबिवली)

तसलंही असतं, नाही असं नाही, पण मी लिहिलं ते ते नाही. यात खरा बॉयलर असतो, खरी आग असते आणि नीट लक्ष दिलं नाही तर खरंच भाजतं.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण 'टॉर्नेडो'. पेपरकॉर्न ए-वन जातीची ४९ इंजिनं १९४८-४९ मध्ये बनली आणि १९६६ पर्यंत सगळीच्या सगळी सेवेतून गेली, पुढं भंगारात, एकसुद्धा वाचलं नाही. मग १९९० मध्ये काही वेड्या लोकांनी ठरवलं की आपण पन्नासावं बांधू, वर्गणी काढली, अठरा वर्षं त्याच्यामागं लागले आणि डार्लिंग्टनला बांधून पूर्ण केलं, खर्च तीस लाख पौंडांच्या घरात. २००८ ला ते पहिल्यांदा स्वतःच्या वाफेवर हललं आणि २०१७ ला रात्रीच्या टेस्टमध्ये ताशी १०० मैल पळालं. जुन्या शेवटच्या इंजिनाचा नंबर ६०१६२ होता, याचा ६०१६३. त्यामुळं त्याला रेप्लिका म्हटलं की ती माणसं चिडतात, म्हणतात हे नक्कल नाही, हे त्याच घरातलं उशिरा जन्मलेलं पोर आहे. मला ते पटतं, पण दर वेळी एवढं लांबण कोण लावणार म्हणून मी रेप्लिकाच म्हणतो.

छोट्यांमध्ये माझं लाडकं म्हणजे डेव्हन परगण्यातल्या लिंटन-बार्नस्टेपल लाइनचं 'लिन'. मूळ लिन १८९८ चं, अमेरिकेतल्या बाल्डविन कंपनीकडून सुटे भाग मागवून इथं जोडलेलं, कारण तेव्हा इंग्लंडच्या कारखान्यांत कामगार-मालक भांडण चालू होतं आणि इथं कुणी वेळेत देईना. १९३५ ला लाइन बंद पडली आणि लिन तोडलं. नवं लिन २०१७ ला आलं. त्याच लाइनचं 'लू' नावाचं इंजिन १९३६ ला बोटीनं ब्राझीलला गेलं आणि पुढं त्याचं काय झालं हा इथल्या चहाच्या टेबलावरचा कायमचा विषय आहे.

आणि ड्रॉइंगच नसेल तर काय, असं दोघातिघांनी विचारलंय. अमेरिकेत युटा राज्यात १८६९ ला पूर्व आणि पश्चिमेचे रूळ जिथं जुळले तिथं 'ज्युपिटर' आणि '११९' अशी दोन इंजिनं समोरासमोर उभी होती. दोन्ही पुढं भंगारात गेली. १९७९ ला दोन्ही परत बनवली, ड्रॉइंग सापडली नव्हती तर जुन्या फोटोंवरून मापं काढून. ज्युपिटर आजही लाकडावर चालतं आणि ११९ कोळशावर.

प्रश्न : सकाळी इंजिन चालू करायला किती वेळ लागतो? नेमकं काय काय करता ते सविस्तर लिहा. (नाशिक)

आमचं छोटं आहे, तरी चार तास धरा. टॉर्नेडोसारख्या धुडाला आदल्या दिवशीच पेटवायला घेतात. घाई केली तर वाफ लवकर होते हो, पण बॉयलरचा एक भाग तापून फुगतो आणि दुसरा अजून गारच, मग ताण येतो, ट्यूबा गळायला लागतात, आतल्या स्टे नावाच्या दांड्यांना चिरा जातात. कुर्डुवाडीचे आमचे मिस्त्री म्हणायचे, बॉयलरला जागं करायचंय, दचकवायचं नाही.

पहाटे पाचला गेलो की पहिलं काम काडी ओढायचं नाही, पहिलं काम पाणी बघायचं. कॅबमध्ये दोन उभ्या काचा असतात, गेज ग्लास, त्यात बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दिसते. दिसतंय म्हणजे खरं असेलच असं नाही, काचेची वाट गाळानं तुंबली तर पाणी आहे तसंच दिसत राहतं आणि आत वेगळंच असतं, म्हणून कॉक बंद-चालू करून ती खाली सोडायची आणि परत भरते का बघायचं, आणि दोन्ही काचा एकच सांगतायत ना ते बघायचं. मग बॅटरी घेऊन फायरबॉक्समध्ये, म्हणजे आगीच्या पेटीत, डोकं घालायचं. वरच्या पत्र्यात शिशाचा गाभा असलेलं बूच बसवलेलं असतं, आपल्याकडं लेड प्लग म्हणायचे, ते रडतंय का, ट्यूबांच्या तोंडाशी ओल आहे का. पाणी कमी पडून वरचा पत्रा उघडा पडला तर ते शिसं आधी वितळतं आणि वाफ आगीवर येऊन फायरमनला कळतं की आपलं काहीतरी चुकलंय. ती वेळ आली म्हणजे तुमची लाज गेलीच, पण जीव वाचला.

मग पुढचा गोल दरवाजा उघडून धुराड्याखालची कालची राख काढायची. घमेलंभर तरी निघते. तो दरवाजा परत लावताना कडेला फट राहिली तर हवा तिथूनच ओढली जाते आणि आग दिवसभर मरगळलेली, हे नव्या पोरांना दोन रविवार गाडी रखडल्याशिवाय कळत नाही.

आता आग. रॉकेलात भिजवलेल्या चिंध्या, वर लाकडाच्या फळ्या, वर थोडा कोळसा. पेटलं की तासभर काही करायचं नाही, गप्प बसायचं. खरं म्हणजे बसायचं नाही, तेल घालायचं. वाफेच्या इंजिनाला तेल घालणं हे पूजेसारखं काम आहे, रोज, त्याच क्रमानं. प्रत्येक बेअरिंगवर तेलाची छोटी कुपी असते, त्यात लोकरीची वात, समईतल्या वातीसारखीच ती तेल वर ओढते आणि नळीतून खाली थेंब थेंब सोडते. गंमत म्हणजे इंजिन उभं असलं तरी ती वात तेल ओढतच राहते म्हणून रात्री वाती काढून ठेवायच्या आणि सकाळी घालायच्या. काही कुप्यांत वेगळ्या प्रकारची वात असते, ती फक्त इंजिन हललं तरच तेल देते. कुठली कुठं हे पाठच पाहिजे. आमच्या इंजिनाच्या पोटाखाली एक कुपी अशी आहे की डाव्या खांद्यावर आडवं पडून उजवा हात वर नेला तरच पोचतो. हुबेहूब जुन्यासारखंच बनवायचं म्हटल्यावर ती गैरसोय पण हुबेहूब उतरलीय.

साडेआठच्या सुमाराला वाफेचा दाब दाखवणारा काटा हलतो. मग इंजिन हळूच पुढं-मागं करायचं, सिलिंडरचे खालचे कॉक उघडे ठेवून. गार सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं आणि पाणी काही दाबलं जात नाही, कॉक बंद ठेवून जोर लावला तर पिस्टन ते पाणी घेऊन झाकणावर आपटतो आणि झाकण फुटतं. स्टेशनवर इंजिन सुटताना खालून दोन्ही बाजूंनी फुस्स करून पांढरे ढग येतात आणि लोक फोटो काढतात, ते शोभेसाठी नसतं.

प्रश्न : काका, मी नववीत आहे. बॉयलरमध्ये एवढा दाब असतो तर त्यात नवीन पाणी घालता कसं? ते उलटं बाहेर नाही का येणार? (कोल्हापूर)

अगं, हा प्रश्न मी नोकरीला लागलो तेव्हा मला पडला नव्हता, तुला नववीत पडला, शाब्बास.

त्यासाठी इंजेक्टर असतो. त्याच बॉयलरची वाफ एका निमुळत्या तोटीतून सोडतात, ती प्रचंड वेगानं निघते, वाटेत टाकीतलं गार पाणी तिला भेटतं, वाफ पाण्यात विरते पण तिचा वेग पाण्याला मिळतो, आणि पुढं रुंद होत जाणाऱ्या तोटीत तो वेग कमी होऊन त्याचा दाब बनतो, बॉयलरपेक्षा जास्त. मग झडप उघडून पाणी आत. हलणारा मुख्य भाग एकही नाही. आंरी जिफार नावाच्या फ्रेंच माणसानं १८५८ मध्ये शोधलं. बरोबर लागला की बारीक गुणगुणल्यासारखा आवाज येतो, नाही लागला की खालच्या नळीतून पाणी भळाभळा वाहतं आणि आख्खा प्लॅटफॉर्म तुझ्याकडं बघतो. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी कोमट झालं की हा रुसतो, कारण गरम पाण्यात वाफ नीट विरत नाही.

आता माझी फजिती सांगतो. इथल्या पहिल्याच सीझनला चढावर पाणी कमी पडू नये म्हणून मी स्टेशनात इंजेक्टर जरा जास्तच चालू ठेवला, काच वरपर्यंत भरली. ड्रायव्हरनं रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडं वाफ सोडायचा दांडा, उघडला आणि वाफेबरोबर पाणीच सिलिंडरमध्ये गेलं आणि तिथून धुराड्यातून वर, काजळी मिसळलेलं काळं पाणी, पहिल्या डब्याच्या खिडकीत बसलेल्या एका आजींच्या पांढऱ्या हॅटवर. ड्रायव्हर एक शब्द बोलला नाही. त्यानं माझ्या हातात स्वच्छ फडकं दिलं आणि डब्याकडं बोट दाखवलं. आजी हसल्या, हॅट मात्र गेली.

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनियर आहे. इंजिन नवं, मटेरियल आधुनिक, वेल्डिंग आधुनिक, मग मेंटेनन्स जुन्याच्या मानानं बराच कमी असायला हवा ना? (पुणे)

सर, हाच समज वर्गणी देणाऱ्यांचाही असतो. काही बाबतीत बरोबर आहे. टॉर्नेडोला रोलर बेअरिंग आहेत, बॉयलर पूर्ण वेल्डेड, फायरबॉक्स तांब्याऐवजी स्टीलचा, एअर ब्रेक, शिवाय आजच्या मेनलाइनवर चालायचं तर सिग्नलची सगळी इलेक्ट्रॉनिक्स. पूर्वीची इंजिनं पळता पळता रुळांमधल्या हौदातून पाणी उचलायची, आता ते हौदच राहिले नाहीत तर ती यंत्रणा काढून टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात, ५,००० च्या जागी ६,२०० गॅलन पाणी बसवलं. हे सगळं चांगलंच.

पण आगीला आणि पाण्याला कुठं माहितीय की पत्रा नवा आहे. त्या नव्याकोऱ्या बॉयलरला दोन-अडीच वर्षांतच दुखणी लागली, २०१०-११ च्या हिवाळ्यात तो काढून जर्मनीत मायनिंगेनला, जिथं बनला होता तिथंच, दुरुस्तीला पाठवावा लागला. २०१८ च्या एप्रिलमध्ये पॅसेंजर घेऊन वेगात जाताना हालचालीच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि गाडी वाटेत उभी राहिली. म्हणून ते इंजिन वाईट नाही. जुन्या काळी ४९ इंजिनं होती, एकाची खोड सापडली की बाकीच्यांवर आधीच इलाज व्हायचा, शेडमध्ये तीस वर्षं तेच केलेली माणसं असायची. इथं एकच इंजिन आहे आणि त्याची प्रत्येक खोड पहिल्यांदाच कळतेय. माझ्या मते रेप्लिकाची खरी अडचण हीच, लोखंड परत बनवता येतं हो, पण त्याच्याभोवतीची माणसं परत घडायला वेळ लागतो.

रोजच्या मेंटेनन्समध्ये सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वॉशआउट. पाणी उकळून वाफ जाते, क्षार मागं राहतात, घरी गिझरच्या कॉइलवर बसतात तसेच. पाण्यात औषध घालतो तरी गाळ होतोच. ठरावीक दिवस चाललं की इंजिन थंड करायचं, तेही सावकाश, एक-दोन दिवस नुसतं उभं ठेवून, मग पाणी सोडायचं, चारी बाजूंची बुचं काढायची आणि जोराच्या पाण्यानं आतून धुवायचं. फायरबॉक्सच्या तळाशी चारी बाजूंनी अरुंद फट असते तिथं सगळं साठतं. वाकडी सळई घालून खरवडायचं, मग बॅटरी आणि आरसा घेऊन बघायचं. पहिल्यांदा गढूळ पाणी येतं, मग खपल्या, पावाच्या कडेसारख्या. पाणी स्वच्छ यायला लागलं की माणूस थांबतो, आणि तिथंच चुकतो, अजून अर्धा तास मारायचं असतं.

शिवाय दर दहा वर्षांनी मोठं काम, ट्यूबा काढून बॉयलर आतून तपासणं आणि कामाच्या दाबापेक्षा जास्त दाबाला पाणी भरून टेस्ट. पाणी अशासाठी की फुटलंच तर नुसती चूळ निघते, वाफ असती तर शेड उडालं असतं. टॉर्नेडो २०२२ मध्ये असल्याच मोठ्या ओव्हरहॉलला गेलं. दहा वर्षं तिकिटाच्या पैशावर चालवायचं आणि शेवटी सगळं एकदम खर्चून टाकायचं असा हा धंदा आहे, धंदा म्हणायचं आपलं.

प्रश्न : आमचे आजोबा बार्शी लाइट रेल्वेनं पंढरपूरला वारीला जायचे. त्या इंजिनांचा आणि इंग्लंडचा काही संबंध आहे का? (बार्शी)

अहो, संबंध म्हणजे काय, सख्खं नातं आहे. बार्शी लाइट रेल्वे उभी केली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरनं, पहिला टप्पा १८९७ ला बार्शी ते बार्शी रोड म्हणजे आपलं कुर्डुवाडी. गेज अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. त्याचं डोकं असं होतं की इंजिन असो वा डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलके रूळ चालतात आणि लाइन स्वस्तात होते. हे बार्शीला जमलं म्हणून त्याला इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरच्या डोंगरात लीक अँड मॅनिफोल्ड लाइनचं काम मिळालं, १९०४ ला सुरू झाली, गेज तेच अडीच फूट. म्हणजे आधी आपल्याकडं, मग त्यांच्याकडं. तिथल्या दोन इंजिनांतल्या एकाचं नावच 'ई. आर. कॅलथ्रॉप' होतं. ती लाइन १९३४ ला बंद पडली, इंजिनं तोडली, आता तिथं सायकल चालवायचा रस्ता आहे. मी एकदा मुद्दाम चालत गेलो, वळणं बघून कुर्डुवाडीचीच आठवण आली. माथेरानच्या गाडीला पण हाच माणूस सल्लागार होता, १९०७, दोन फुटी गेज आणि वीसास एक चढ. पुढं त्यानं विमानवाल्यांसाठी पॅराशूट बनवलं, ते वेगळंच प्रकरण.

बार्शी लाइन आता सगळी ब्रॉडगेज झाली. तिथलं एखादं इंजिन नव्यानं बांधावं असं मलाही वाटतं, पण बांधून ठेवणार कुठं आणि चालवणार कुणाच्या जिवावर?

प्रश्न : भारतात अशी नवी वाफेची इंजिनं बनतच नाहीत का? (ठाणे)

बनतात की. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपनं नीलगिरीच्या लाइनसाठी जुन्या एक्स क्लासच्या नमुन्यावर याच शतकात नवी इंजिनं बांधलीत, आधी तेलावरची, नंतर कोळशावरचं पण. मूळची इंजिनं स्वित्झर्लंडची. मेट्टुपाळयम ते ऊटी ४६ किलोमीटर, मधल्या दात्यांच्या रुळावर बारास एक चढ. सरकारी वर्कशॉपमध्ये, पगारी माणसांनी आणि रोजच्या गाडीसाठी बांधलेलं, त्यामुळं वर्गणी नाही, जाहिरात नाही आणि आपल्याकडं कुणाला पत्ता पण नाही.

प्रश्न : या काळात कोळसा जाळून धूर काढणं बरोबर वाटतं का? (औरंगाबाद)

प्रश्न रास्त आहे आणि माझी लेकही हाच विचारते. एवढंच म्हणतो, काळा धूर निघत असेल तर तो फायरमनचा आळस आहे. चार फावडी एकदम मारली की हवा कमी पडते आणि अर्धा कोळसा न जळता धुराड्यातून जातो. दोन फावडी मारायची, दार थोडं उघडं ठेवायचं, धुराड्याकडं बघायचं, फिका राखाडी पडला की परत दोन.

पण हा प्रश्न इथं आता दुसरीकडूनच सुटत चाललाय. वेल्समधली शेवटची मोठी उघडी खाण २०२३ च्या अखेरीस बंद झाली, इंजिनवाल्यांचा आवडता वेल्श कोळसा गेला. आता बाहेरदेशाहून बोटीनं येतो किंवा भुकटीचे दाबून केलेले अंड्याएवढे गोळे वापरून बघतात. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कुठला भसकन पेटतो आणि संपतो, कुठल्याचं जाळीवर खंगर धरतं, काचेसारखं वितळून पसरतं आणि खालची हवाच बंद. मग लांब सळईनं ते उचकटायचं, समोर धगधगती आग, भुवया जळाल्याचा वास येतो. आपल्याकडच्या राखवाल्या कोळशावर शिकलेला माणूस असल्यामुळं हे काम नेमकं माझ्याकडं येतं.

प्रश्न : पगार किती देतात? (सांगली)

शून्य. चहा मिळतो, दूध बेताचं. आधी इंजिन पुसायचं काम, मग परीक्षा देऊन फायरमन, मग ड्रायव्हर, यात वर्षं जातात. मला कुर्डुवाडीचा अनुभव सांगून पण पुसण्यापासूनच सुरुवात करावी लागली आणि ते बरोबरच केलं त्यांनी, इंजिन पुसतानाच सैल नट आणि नवी चीर दिसते.

प्रश्न : हा जरा घरगुती प्रश्न आहे, हात कशानं धुता? आमच्या ह्यांचं गॅरेज आहे. (लातूर)

वहिनी, आधी पाणी लावायचं नाही. कोरड्या हाताला खोबरेल तेल चोळायचं, चिंधीनं पुसायचं, मग भांड्याचा साबण आणि चमचाभर साखर. नखांतलं तरीही राहतं. रविवारी रात्री कणीक भिजवायला मी हात पुढं केला की आमच्या घरात परात उचलून दुसरीकडं ठेवतात.